रेघ पुसट का झाली?

यंदा आमच्या नववीच्या मुलांनी वेबपृष्ठासाठी पेडणे व डिचोली या तालुक्यांचा नकाशा संगणकावर काढला. शाळेच्या पडद्यावर तो रेखीव दिसला. परंतु एका विद्यार्थिनीने घरच्या लॅपटॉपवर उघडला, तेव्हा शापोरा नदीची रेघ धुरकट झालेली आणि ‘मये’ या नावाची शिरोरेषा तर ओल्या कागदावर शाई पसरावी तशी फुटलेली! “सर, आमचे कुठे चुकले?” असे तिने विचारले. मी कलाशाखेचा पदवीधर. उत्तर शोधण्यास मलाही चार दिवस लागले.

विद्यार्थिमित्रहो, संगणकाचा पडदा असंख्य बारीक ठिपक्यांचा बनलेला असतो. त्यांना पिक्सेल म्हणतात. अर्धाच ठिपका रंगविता येत नाही. रेघेची कड ठिपक्याच्या मध्येच पडली, की संगणक तो ठिपका फिकट रंगवितो आणि तेथेच धूसरपणा शिरतो.

मात्र वेबपृष्ठ लिहिणारा ज्या पिक्सेलमध्ये लांबी सांगतो, तो निराळा. ते केवळ एक माप होय; इंचाचा 96वा भाग मानलेले. शाळेच्या पडद्यावर एक माप म्हणजे एक ठिपका. 2010 साली आलेल्या आयफोन 4वर एका मापात, उभे आणि आडवे, दोन-दोन ठिपके मावू लागले. येथवर हिशेब सरळ आहे. परंतु कित्येक लॅपटॉपांवर अक्षरे मोठी दिसावीत म्हणून पडदा 125 टक्क्यांवर ठेवलेला असतो. मग 301 मापांची चौकट 376.25 ठिपक्यांची होते. हा पाव ठिपका कोठून आणावा? ब्राउझर चौकटीच्या कडा जवळच्या पूर्ण ठिपक्यावर बसवितो. त्यामुळे जागेप्रमाणे ती कधी 376, तर कधी 377 ठिपक्यांची होते.

आपल्या कुळागराचेच उदाहरण घ्या. दोघा भावांत 25 पोफळी वाटायच्या आहेत. कागदावर प्रत्येकी साडेबारा. पण प्रत्यक्षात एकास 12, दुसऱ्यास 13. कोणास किती, हे कागद सांगणार नाही. गडगा कोठे घातला आहे, ते कुळागरात जाऊनच पाहिले पाहिजे.

आमच्या मुलांनी कागदावरचा गुणाकार केला होता. त्यांचा कॅनव्हास 376 ठिपक्यांचा आणि पडद्यावरची जागा 377 ठिपक्यांची! चित्र ताणले गेले व रेघा फुटल्या. यावर उपाय म्हणजे ब्राउझरलाच विचारणे. ‘रिसाइझ ऑब्झर्व्हर’ या सोयीकडे ‘डिव्हाइस पिक्सेल कंटेंट बॉक्स’ हे माप मागितले, की चौकटीस मिळालेले पूर्ण ठिपके कळतात. आकार बदलल्यास नवे मापही मिळते. तेवढ्याच ठिपक्यांचा कॅनव्हास करून चित्र पुन्हा काढावे आणि रेघाही पूर्ण ठिपक्यांवर टेकवाव्यात. ज्या ब्राउझरात ही सोय नसेल, तेथे गुणाकारावरच भागवावे लागते.

मुलांनी तसे केले. दुसऱ्या दिवशी ती विद्यार्थिनी वर्गात शिरताच म्हणाली, “सर, मये आता स्पष्ट वाचता येते!” हिशेब वाट दाखवितो खरा, पण शेवटचे माप घ्यावे, ते वस्तू जेथे आहे तेथेच.