दारावर फांद्यांची जुडी दिसली की समजायचं, शेतकऱ्याची वाईन तयार आहे! जर्मनीत द्राक्ष उत्पादक अंगणातच कशी विकतात वाईन?

मोझेल नदीच्या काठावरच्या एखाद्या गावातून मे-जूनमध्ये फिरताना काही घरांच्या दारावर हिरव्या फांद्यांची जुडी टांगलेली दिसते. जर्मनीच्या दक्षिणेकडे व्युर्टेम्बर्ग भागात त्याच जागी चक्क खराटा लावतात. हा सण नाही आणि दृष्ट काढण्याचा प्रकारही नाही. घरातल्या द्राक्ष शेतकऱ्याने अंगणात टेबल-बाकडी मांडलीत, स्वतःच्या बागेची वाईन आहे, या आणि बसा, एवढाच त्याचा अर्थ.

या प्रकाराला तिकडे श्ट्राउसविर्टशाफ्ट म्हणतात. श्ट्राउस म्हणजे जुडी किंवा गुच्छ. ही चाल सम्राट शार्लमेनच्या काळापासून, म्हणजे बाराशे वर्षांपासून आहे, असं परंपरेने सांगितलं जातं. ते काहीही असो, आजचा नियम मात्र अगदी स्पष्ट आहे. मोझेल ज्या ऱ्हाइनलँड-फाल्त्स राज्यात येते, तिथे द्राक्ष शेतकऱ्याला वर्षातून जास्तीत जास्त चार महिने असं घरगुती हॉटेल चालवता येतं. हे चार महिने दोन टप्प्यांत विभागले तरी चालतात. बसायला जागा चाळीसपेक्षा जास्त नको. वाईन फक्त स्वतःची, शेजाऱ्याचीही चालत नाही आणि बिअर तर नाहीच. खायला साधंसुधं, म्हणजे ब्रेड, चीज, सॉसेज, कांदा घालून भाजलेला केक. एवढ्या अटी पाळल्या तर हॉटेलचा परवाना काढावा लागत नाही, फक्त सुरू करण्याआधी सरकारी कार्यालयाला कळवायचं.

ही सवलत साधी दिसते, पण तिच्यावर हजारो कुटुंबांचं गणित उभं आहे.

ठोक विकलं तर खर्चही सुटेना

जर्मनीत वाईनच्या द्राक्षांखाली साधारण एक लाख हेक्टर जमीन आहे आणि ती १३ विभागांत वाटलेली आहे. सगळ्यात मोठा विभाग ऱ्हाइनहेसेन, नावाजलेला मोझेल. ज्याच्याकडे विकायला स्वतःची बाटली नाही, त्या शेतकऱ्याला द्राक्षं, रस किंवा पिंपातली सुटी वाईन मोठ्या कंपन्यांना द्यावी लागते. तिथे भाव ठरवतो घेणारा. गेल्या एक-दोन वर्षांत सुट्या वाईनचा भाव इतका पडला, की कित्येकांचा उत्पादन खर्चही निघाला नाही. निफाड-दिंडोरीच्या द्राक्ष उत्पादकांना हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. माल तोडणीला आला आणि व्यापाऱ्याने हात आखडता घेतला की काय होतं, ते बागेत उभं राहिलेल्यालाच कळतं.

तीच वाईन बाटलीत भरून स्वतःच्या दारात विकली, की आठ-दहा युरोपासून पुढे मिळतात. एक युरो शंभर रुपयांच्या आसपास धरा. बाटली, बूच, लेबल, सगळा खर्च धरला तरी लिटरमागे हातात पडणाऱ्या पैशात कितीतरी पटींचा फरक पडतो. म्हणून पाहुणा अंगणात येऊन दोन ग्लास चाखून जाताना सहा बाटल्यांचा खोका गाडीत टाकून नेतो का, यावर त्या घराचं वर्ष ठरतं. पर्यटकाला ती सहल वाटते, शेतकऱ्यासाठी तोच बाजार असतो.

मोझेलमध्ये तर हे जास्तच खरं, कारण तिथली जमीनच अवघड. ब्रेम गावाजवळची काल्मोंट टेकडी ही युरोपातली सगळ्यात उभ्या चढाची द्राक्षबाग समजली जाते. काही ठिकाणी उतार ६५ अंशांपर्यंत जातो. भिंतच म्हणायची. तिथे ट्रॅक्टरचा विषयच येत नाही. माणसं आणि क्रेट वर न्यायला एका रुळावर चालणारी छोटी गाडी बसवलेली असते. वायपद्धत नाही, मांडव नाही. जुन्या बागांत प्रत्येक वेलीला स्वतःचा एक खांब, आणि काड्या वाकवून बदामाच्या आकारात बांधलेल्या. भुरी-डावणीची फवारणी कित्येक वर्षं हेलिकॉप्टरने व्हायची, आता ड्रोन येऊ लागलेत. सपाट रानापेक्षा मजुरी कितीतरी पट. तोडणीला पोलंड आणि रोमानियाहून मजूर येतात.

मग एवढा खटाटोप कशासाठी? मोझेल आहे ५० अक्षांशावर, नाशिक २० वर. एवढ्या उत्तरेला द्राक्ष पिकणं मुळात कठीण. पण दक्षिणेकडे तोंड केलेल्या उभ्या उतारावर ऊन सरळ पडतं, खाली नदीचं पाणी उजेड परतवतं आणि जमिनीतला काळा-निळा स्लेटचा दगड दिवसभर तापून रात्री ऊब देत राहतो. त्यात रीसलिंग नावाचं पांढरं द्राक्ष हळूहळू पिकतं. आपल्याकडे वर्षातून दोन छाटण्या, एप्रिलची आणि ऑक्टोबरची. तिकडे थंडीत एकच. आपली तोडणी जानेवारी ते मार्च, त्यांची सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. सावकाश पिकल्यामुळे गोडीबरोबर आंबटपणाही टिकतो आणि त्या आंबटपणासाठीच जग रीसलिंग विकत घेतं.

तरीही उतार ओस पडतायत. १९९० च्या सुमारास मोझेल विभागात बारा हजार हेक्टरांच्या वर बागा होत्या, आता साडेआठ हजारांच्या आतबाहेर राहिल्या आहेत. मुलं शहरात गेली, म्हाताऱ्यांना चढवत नाही आणि चांगल्या बागेच्या मधोमध काटेरी झुडपांचे पट्टे दिसतात.

चाखायचं कसं?

लहान वाईनरीत आधी फोन करून किंवा ईमेल टाकून जायचं असतं. समोर सेल्समन नसतो, बहुतेक वेळा मालक किंवा मालकीणबाई स्वतः. हातावर बागेची माती तशीच असते, कारण अर्ध्या तासापूर्वी त्या वर कामावर होत्या. पाच-सहा वाईन थोड्या थोड्या ओततात. क्रम ठरलेला असतो: आधी कोरड्या, म्हणजे बिनगोडाच्या, मग गोड. उलटं केलं तर गोडीनंतर कोरडी वाईन नुसती आंबट लागते.

आधी वास घ्यायचा, मग घोट तोंडात फिरवायचा. टेबलावर एक भांडं ठेवलेलं असतं, त्यात थुंकायची मुभा असते. यात कसलाही अपमान नाही. वाईन विकणारे आणि करणारे स्वतः थुंकतात, कारण दिवसाला तीस-चाळीस चाखायच्या असतील तर गिळून कसं चालेल? गाडी चालवणाऱ्याने तर थुंकायलाच हवं. जर्मनीत रक्तात दर हजारी ०.५ अल्कोहोल ही मर्यादा आहे, नव्या चालकांना आणि २१ वर्षांखालच्यांना शून्य.

ताज्या रीसलिंगला सफरचंद, पीच, लिंबाचा वास येतो. जुनी झाली की काहींना चक्क रॉकेलसारखा वास येतो. पहिल्यांदा घेणारा दचकतो, पण तो बिघाड नाही. या जातीच्या जुन्या वाईनची ती ओळख आहे आणि शौकीन त्यासाठी जादा पैसे मोजतात.

शरद ऋतूत गेलं तर फेडरवायसर मिळते. अर्धवट आंबलेला, गढूळ, गोडसर रस. बाटलीतही तो आंबतच असतो, म्हणून झाकण घट्ट लावत नाहीत. पिशवीत आडवी ठेवली की कपड्यांची वाट लागलीच.

लेबलावरच्या शब्दांत बरेच जण फसतात

द्राक्ष बागायतदाराला ब्रिक्स मीटर माहीत असतं. जर्मनीत रसाची गोडी एक्सले या मापात मोजतात. फोर्त्सहाइम गावच्या फर्डिनांड एक्सले यांच्या नावावरून ते आलं. मोझेलच्या रीसलिंगला काबिनेट हा दर्जा मिळायला किमान ७० एक्सले लागतात, म्हणजे साधारण १७ ब्रिक्स. त्यावर श्पेटलेजे, मग आउसलेजे, असं चढत जातं. सगळ्यात वरच्या ट्रॉकनबेरेनआउसलेजेला १५० च्या वर, म्हणजे ३४ ब्रिक्सहून जास्त. एवढी गोडी वेलीवर बेदाण्यासारख्या सुकलेल्या मण्यांतूनच येते आणि ते मणी एक एक करून वेचावे लागतात.

गोंधळ होतो तो इथे. हे दर्जे तोडणीच्या वेळची रसातली साखर सांगतात, बाटलीतली वाईन गोड आहे की नाही ते सांगत नाहीत. सगळी साखर आंबवून टाकली, तर श्पेटलेजेही बिनगोडाची होते. त्यासाठी लेबलावर ट्रॉकन हा शब्द शोधायचा, म्हणजे कोरडी. आणखी एक शब्द लक्षात ठेवण्यासारखा: गुट्सआबफ्युलुंग. शेतकऱ्याने स्वतःच्या द्राक्षांची वाईन स्वतःच्याच तळघरात करून बाटलीत भरली, असा त्याचा अर्थ. शिवाय दर्जाच्या प्रत्येक वाईनवर सरकारी तपासणीचा नंबर असतो. प्रयोगशाळेत तपासून आणि नाव झाकून चाखून झाल्यावरच तो मिळतो.

श्पेटलेजे म्हणजे उशिराची तोडणी. तिची गोष्ट ऱ्हाइन नदीवरच्या योहानिसबर्ग महालात सांगतात. ही बाग फुल्डाच्या धर्मगुरूंच्या मालकीची होती आणि तोडणीला त्यांची परवानगी लागायची. १७७५ साली परवानगी आणायला गेलेला घोडेस्वार उशिरा परतला. तोवर द्राक्षं वेलीवर सडू लागलेली. नाइलाजाने तीच तोडली आणि वाईन अप्रतिम निघाली. त्या स्वाराचा पुतळा महालाच्या आवारात उभा आहे. कामाला उशीर केला म्हणून पुतळा उभारलेला हा बहुधा एकटाच.

थंडीवर अवलंबून असलेला एक प्रकार मात्र धोक्यात आहे. आइसवाइन करायला द्राक्षं वेलीवरच उणे ७ अंशांत गोठावी लागतात आणि पहाटेच्या अंधारात तोडून गोठलेलीच दाबावी लागतात. २०१९ च्या हंगामात थंडीच पडली नाही आणि तेराही विभागांत आइसवाइनची तोडणी झाली नाही. तोवर असं कधी घडलं नव्हतं.

चिखलाच्या बाटल्या आणि गावची सोसायटी

ऱ्हाइनला मिळणारी आर ही छोटी नदी लाल वाईनसाठी प्रसिद्ध. १४ जुलै २०२१ च्या रात्री तिला असा पूर आला, की खोऱ्यात १३० हून जास्त माणसं गेली. तळघरं, यंत्रं, पिंपं, सगळं चिखलात. चिखल माखलेल्या पण बूच शाबूत असलेल्या बाटल्या शेतकऱ्यांनी धुतल्या नाहीत. तशाच, ‘पुराची वाईन’ म्हणून ऑनलाइन देणगीच्या बदल्यात दिल्या. ४० लाख युरोंहून जास्त रक्कम उभी राहिली. दुसऱ्या विभागांतले शेतकरी, म्हणजे एरवीचे स्पर्धक, स्वतःचे ट्रॅक्टर घेऊन आले आणि त्या लोकांच्या बागा त्यांनी सांभाळल्या.

याच खोऱ्यात माइशोस गावी १८६८ साली सुरू झालेली द्राक्ष उत्पादकांची सहकारी संस्था आहे. आपल्या प्रकारातली ती जगातली सगळ्यात जुनी मानली जाते. तिथून फार लांब नसलेल्या हेडेसडोर्फमध्ये १८६४ साली फ्रीडरिश विल्हेल्म रायफायझेन यांनी शेतकऱ्यांची पतसंस्था काढली होती. सावकाराच्या कचाट्यातून सुटायचा तो मार्ग मद्रास सरकारचे अधिकारी फ्रेडरिक निकल्सन यांनी हिंदुस्थानासाठी सुचवला आणि १९०४ च्या सहकार कायद्याला त्याचा आधार मिळाला. गावागावातल्या सोसायटीचं मूळ असं ऱ्हाइनच्या काठाला जाऊन पोचतं.

महाराष्ट्रात द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण २००१ साली आलं, विंचूर आणि पलूसला वाईन पार्क झाले, नाशिकजवळच्या वाईनरीत शनिवार-रविवारी गर्दी होते. पण वाईनची द्राक्षं लावणारे बहुतेक शेतकरी कंपनीशी करार करून माल देतात. स्वतःच्या नावाची बाटली अंगणात विकणारा लहान शेतकरी दिसणं अवघडच.

कोणी जाणार असेल तर

जर्मनीत शिकायला-नोकरीला असलेल्या मुलांकडे जाणारे आई-वडील आता गावोगावी आहेत. फ्रँकफुर्टहून रेल्वेने कोब्लेंझ आणि तिथून मोझेलच्या काठाने कोखेम, पुढे ट्रीअर. ट्रीअर रोमन काळातलं शहर. जवळच्या नॉयमागेन गावात पिंपं भरलेल्या होडीचं दगडी शिल्प सापडलं. त्या नदीवरून वाईनची वाहतूक अठराशे वर्षांपूर्वीही चालायची, याचा तो पुरावा. बेर्नकास्टेल-कूसला रेल्वे जात नाही, विटलिशहून बस घ्यावी लागते. तिथे पंधराव्या शतकात कार्डिनल निकोलस यांनी वृद्धांसाठी आश्रम काढला आणि खर्चासाठी त्याला द्राक्षबागा जोडून दिल्या. आश्रम आणि बागा दोन्ही अजून चालू आहेत.

घरगुती अंगणं हिवाळ्यात बहुतेक बंद असतात. मे ते ऑक्टोबर हा काळ बरा, त्यातही सप्टेंबरअखेर गेलं तर तोडणी बघायला मिळते. वाईन घेत नसलेल्यांची अडचण होत नाही, त्याच द्राक्षाचा ताजा रस बहुतेक ठिकाणी असतो. परतताना विमानतळावर एका माणसाला दोन लिटरपर्यंतच दारू शुल्काशिवाय आणता येते. पाऊण लिटरच्या दोन बाटल्या बसतात, तिसरीला शुल्क भरावं लागतं.