नाक चोंदलंय? थेंब घाला, पण दिवस मोजून

थंडी पडली की बेळगाव, खानापूर, निपाणी भागात घरटी एक तरी नाक चोंदलेलं असतं. दिवसा कसंबसं निभावतं. रात्री आडवं झालं की श्वास कोंडतो. मग मेडिकलमधून नाकात घालायचे थेंब येतात आणि पाच-दहा मिनिटांत नाक मोकळं! अनेकांची खरी अडचण इथूनच सुरू होते.

नाक बंद होतं ते फक्त शेंबडामुळे नव्हे. आतल्या बारीक रक्तवाहिन्या फुगतात, अस्तर सुजतं आणि हवेची वाट अरुंद होते. म्हणून कितीही शिंकरलं तरी नाक सुटत नाही. झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब या रक्तवाहिन्या आकसवतात. पण रोज घालत राहिलं तर असर उतरताच सूज पुन्हा येते, मग आणखी थेंब. सर्दी कधीच गेलेली असते. नाक बंद राहतं ते थेंबांमुळेच! म्हणून हे थेंब तीन, फार तर पाच दिवस वापरावेत. बाटलीवरचं नाव वाचता येत नसेल तर आत कोणतं औषध आहे, ते दुकानदाराला विचारा. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. सवय लागलीच असेल तर घाबरू नका. डॉक्टरांच्या सल्ल्याने आधी एका नाकपुडीत थेंब बंद करून नंतर दुसरीत बंद करता येतात.

मग रोजचा उपाय कोणता? मिठाचं पाणी. पाव लिटर पाणी उकळून कोमट होऊ द्या, त्यात अर्धा लहान चमचा मीठ विरघळवा. नेती करतानाही नळाचं किंवा विहिरीचं कच्चं पाणी नाकात घेऊ नका. त्यातला अमिबा नाकावाटे मेंदूपर्यंत पोचू शकतो. असं क्वचितच होतं, पण झालं तर जिवावर बेततं.

वाफेनं बरं वाटतं, मात्र उकळत्या पातेल्यावर लहान मुलांना वाकवू नका. पातेलं कलंडून पोरं भाजतात. बामनं नाक उघडत नाही, गार लागल्यामुळे फक्त तसं वाटतं. दोन वर्षांखालील बाळाला कापराचा बाम लावू नका.

तान्ही बाळं मुख्यतः नाकानेच श्वास घेतात. नाक चोंदलं की त्यांना दूध ओढता येत नाही. पाजण्याआधी मेडिकलमध्ये मिळणारे सलाईनचे थेंब घाला. मोठ्यांचं सर्दीचं औषध थोडं थोडं करून देऊ नका. क्लोरफेनिरामिन आणि फिनाईलेफ्रिन एकत्र असलेली औषधं चार वर्षांखालील मुलांना देऊ नयेत, असा इशारा वेष्टनावर छापण्याचा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी 2023 मध्येच दिला आहे.

बाळाला धाप लागली, श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडू लागला किंवा ते पीत नसेल तर तडक दवाखाना गाठा. मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचा स्राव येत असेल तर आत मणी किंवा शेंगदाणा अडकलेला असू शकतो. तो घरी काढायला जाऊ नका. मोठ्यांनीही दहा दिवसांत आराम पडला नाही तर तपासून घ्यावं.