संगणक विभागाचा ऑफ-सीझन

मे महिन्यात साखर कारखान्यात गेलात तर बाहेरून तो बंद वाटतो. धुराड्यातून धूर नाही, काट्यावर ट्रॅक्टरची रांग नाही, गव्हाण रिकामी. मिल हाऊसमध्ये पाऊल टाकलं की मात्र कळतं, वर्षातलं सगळ्यात बारकाईचं काम आत्ता चाललंय. रोलर उतरवून लेथवर चढवलेले असतात आणि त्यांचे झिजलेले ग्रूव्ह पुन्हा कातले जात असतात. बेअरिंग उघडून मोजली जातात. फायबरायझरचे हातोडे बदलतात, इव्हॅपोरेटरच्या नळ्यांत बसलेला क्षार खरवडून काढतात, टर्बाईन खोलतात. रेठरे बुद्रुक, साखराळे, वाळवा, कुंडल, कृष्णाकाठच्या कुठल्याही कारखान्यात उन्हाळ्यात हेच चित्र. या कामाला कोणी ‘फुकटचा खर्च’ म्हणत नाही. गेल्या हंगामात टर्बाईन सुरळीत चालला, मग आता तो खोलायचा कशाला, असा प्रश्न संचालक मंडळाच्या बैठकीत कोणी विचारला, तर चीफ इंजिनिअर त्याच्याकडे बघतच राहील.

आता त्याच कारखान्याच्या संगणक विभागात या. उसाची नोंद, तोडणीचा प्रोग्रॅम, काट्यावरचं वजन, शेतकऱ्याचं बिल, वाहतूकदाराचा हिशेब, कामगारांचा पगार हे सगळं आज इथून चालतं. संगणक अडला तर गाळपही अडतं. पण या खोलीला ऑफ-सीझन नाही. हंगाम संपला की मार्चअखेर, मग ऑडिट, मग वार्षिक अहवाल, मग पुढच्या हंगामाचे करार. यंत्र खोलून बघायला वेळ कधीच मिळत नाही. जे बंद पडेल तेवढं त्या वेळी उचलायचं आणि पुन्हा चालू करायचं, एवढंच या विभागाचं काम होऊन बसतं.

हे फक्त कारखान्यांचं दुखणं नाही. जिल्ह्यातल्या बँका, पतसंस्था, दूध संघ, रुग्णालयं आणि थेट पुण्यातल्या हिंजवडी-खराडीच्या मोठ्या आयटी कंपन्यांपर्यंत हीच तऱ्हा आहे. सांगलीचं वालचंद, कराडचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, साखराळ्याचं आरआयटी इथून दरवर्षी बाहेर पडणाऱ्या मुलामुलींपैकी अनेक जण याच ‘सपोर्ट’च्या कामाला लागतात. जगाच्या दुसऱ्या टोकाच्या कंपनीचा सर्व्हर बंद पडला की रात्री पावणेतीनला फोन यांना येतो. पी-वन तिकीट, म्हणजे सगळ्यात तातडीची तक्रार, उघडतं, घड्याळ सुरू होतं, ब्रिज कॉलवर वीस-तीस माणसं जमतात. पहाटे कुणीतरी दोष शोधतो, सर्व्हर उभा राहतो. सकाळी साहेबांचं कौतुकाचं ईमेल येतं. आईवडिलांना वाटतं पोरगं फार मोठं काम करतंय, आणि ते करतच असतं. फक्त त्या रात्रीची वेळ आलीच का, हा प्रश्न सकाळी कोणी विचारत नाही.

एक साधं उदाहरण जवळून पाहू. सर्व्हरची डिस्क भरली म्हणून सगळं ठप्प होणं हा या धंद्यातला अगदी नेहमीचा प्रकार. डिस्क एका रात्रीत भरत नाही. समजा 60 जीबी जागा उरली आहे आणि लॉगच्या फायली नि जुने बॅकअप मिळून रोज 2 जीबी खातात. म्हणजे बरोबर तिसाव्या दिवशी यंत्र थांबणार. हे गणित चौथीतलं पोरगं सोडवेल. पहिल्या आठवड्यात कुणी अर्धा तास काढून जुन्या फायली हलवल्या, त्या आपोआप हलतील अशी सोय केली, तर महिनाअखेरीला काहीच घडत नाही. आणि नेमकं ‘काहीच घडत नाही’ याची नोंद कुठल्याच रजिस्टरमध्ये होत नाही. तिसाव्या दिवशी मध्यरात्री काटा बंद पडून वाहनांची रांग लागली, आणि एखाद्या पोराने धावत येऊन दहा मिनिटांत जागा मोकळी करून दिली, तर त्याचं नाव होतं. पहिल्याने नुकसान टाळलं, दुसऱ्याने होऊ दिलेलं नुकसान आवरलं. बढतीच्या वेळी दुसऱ्याचं नाव पुढे येतं.

एमआयटीच्या नेल्सन रेपेनिंग आणि जॉन स्टर्मन या दोन प्राध्यापकांनी 2001 मध्ये यावर एक लेख लिहिला. कधी घडल्याच नाहीत अशा अडचणी दूर केल्याचं श्रेय कुणालाच मिळत नाही, या अर्थाचं त्याचं शीर्षक आहे. त्यांचं विवेचन आपल्याकडच्या कुठल्याही कार्यालयाला तंतोतंत लागू पडतं. देखभालीला फाटा देऊन सगळी माणसं रोजच्या कामाला जुंपली, तर आठवड्याभरात काम वाढलेलं दिसतं. त्याची किंमत सहा महिन्यांनी चुकती करावी लागते, तेव्हा कारण कुणाच्या ध्यानात येत नाही. उलट देखभालीला माणूस दिला, तर आजचं काम तेवढं मागे पडतं आणि फायदा बऱ्याच उशिरा दिसतो. म्हणून देखभाल टाळली जाते. मग बिघाड वाढतात, ते निस्तरण्यात उरलासुरला वेळही जातो, देखभाल आणखी मागे पडते. या फेऱ्यातून आळशी माणसांपेक्षा कष्टाळू माणसांनाच बाहेर पडता येत नाही, कारण ती रात्रीचा दिवस करून गाडा ओढत राहतात.

पंचवीस वर्षांपूर्वीचा वायटूकेचा प्रश्न आठवतो का? वर्ष दोनच आकड्यांत लिहिण्याच्या जुन्या सवयीमुळे 2000 साल उजाडताच संगणक गोंधळतील, अशी भीती होती. जगभरातल्या प्रोग्रॅमरनी, त्यात भारतीयांचा वाटा मोठा, आधीची काही वर्षं खपून कोट्यवधी ओळी तपासल्या. 1 जानेवारीला फारसं काही बिघडलं नाही. त्यावर लोक काय म्हणाले? उगाच बाऊ केला होता. आधी केलेल्या कामाच्या वाट्याला हेच येतं.

आधी न केलेल्या कामाची किंमत मात्र आपण चांगलीच मोजली आहे. 31 जुलै 2024 रोजी देशातल्या सुमारे तीनशे छोट्या बँकांच्या ग्राहकांचे यूपीआय आणि एटीएमचे व्यवहार एकाएकी थांबले. यात बहुतांश सहकारी आणि ग्रामीण बँका होत्या. त्यांना तंत्रसेवा पुरवणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीवर खंडणीखोर सॉफ्टवेअरचा हल्ला झाल्याचं समोर आलं आणि संसर्ग पसरू नये म्हणून यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने तिला देयक व्यवस्थेपासून तोडलं. दुसऱ्या दिवशी सेवा पूर्ववत झाली. क्लाउडसेक या सायबर सुरक्षा कंपनीने या घटनेचा माग काढला, तेव्हा त्यांच्या मते सुरुवात एका सहयोगी कंपनीच्या, जेनकिन्स हे सॉफ्टवेअर चालवणाऱ्या सर्व्हरमधल्या त्रुटीतून झाली होती. या त्रुटीवरचा उपाय जेनकिन्सने त्याच वर्षीच्या 24 जानेवारीला जाहीर केला होता. मध्ये सहा महिने होते.

2017 मध्येही असंच घडलं. मायक्रोसॉफ्टने विंडोजमधलं एक भगदाड बुजवणारा पॅच 14 मार्चला दिला. ज्यांनी तो बसवला नाही त्यांना 12 मे रोजी वॉनाक्राय हे घातक सॉफ्टवेअर भेटलं, आणि 27 जूनला तसंच नॉटपेट्या. नॉटपेट्याने एकदा आत शिरल्यावर पसरायच्या इतरही वाटा शोधल्या होत्या, पण हे भगदाड त्याच्या मुख्य वाटांपैकी एक होतं. त्या फटक्यात आपल्या न्हावा-शेवा बंदरातलं मर्स्क समूहाचं टर्मिनलही ठप्प झालं.

पुण्याच्या कॉसमॉस बँकेचं प्रकरण तर सगळ्यांना ठाऊक आहे. 11 ऑगस्ट 2018, शनिवार. बनावट कार्डांनी 28 देशांतल्या एटीएममधून काही तासांत सुमारे 80 कोटी रुपये निघाले. भारतात जे पैसे काढले गेले, त्यात कोल्हापूरचीही एटीएम होती. सोमवारी 13 तारखेला आणखी जवळपास 14 कोटी स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय बँकव्यवहारांच्या यंत्रणेच्या वाटेने हाँगकाँगला गेले. चोरांनी पैसे काढण्याची परवानगी देणारा बनावट स्विच मधे बसवला होता, त्यामुळे खात्यात पैसे आहेत की नाहीत हा प्रश्न खऱ्या यंत्रणेपर्यंत पोचलाच नाही. पोलिसांनी माग काढला, माणसं पकडली, एप्रिल 2023 मध्ये पुण्याच्या न्यायालयाने 11 जणांना दोषी ठरवलं. घडल्यानंतरचं काम चोख झालं. बदल मात्र त्याच्या कितीतरी आधी व्हायला हवा होता, आणि तो केवळ एका बँकेत नव्हे. रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट ऑक्टोबर 2018 मध्ये आणली आणि 31 डिसेंबर 2019 ला तिचे चार स्तर ठरवून दिले. बैल गेल्यावर का होईना, झोपा झाला.

कारखान्यात जी शिस्त आपोआप पाळली जाते ती संगणक विभागात का पाळली जात नाही, याचा विचार केला की बॉयलर डोळ्यांपुढे येतो. बॉयलरचं प्रमाणपत्र साधारण बारा महिन्यांचं असतं. 1923 च्या बॉयलर कायद्यापासून चालत आलेला हा नियम आहे. निरीक्षक येतो, बॉयलर थंड करून आतून पाहतो, पाण्याच्या दाबाची चाचणी घेतो. त्याची सही झाल्याशिवाय अग्निप्रदीपन होत नाही, मग अध्यक्ष कितीही वजनदार असोत. शिवाय हंगामात मिल थांबली की प्रत्येक तास कारणासकट लिहिला जातो: यांत्रिक बिघाड, विजेचा बिघाड, ऊस नाही. तोडलेला ऊस यार्डात वाळतो, उतारा घसरतो, शेतकरी तक्रार करतो. थांबण्याची किंमत डोळ्यांना दिसते.

संगणकाच्या जगात वेबसाइटचं सुरक्षा प्रमाणपत्रही असंच मुदतीचं असतं. मुदत संपली की ब्राउझर धोक्याची सूचना देतो आणि ग्राहक परत जातो. ती संपण्याची तारीख, मिनिटासह, पहिल्या दिवसापासून माहीत असते. तरी मोठमोठ्या कंपन्यांच्या सेवा केवळ नूतनीकरण राहून गेलं म्हणून बंद पडल्या आहेत. आता ही मुदत झपाट्याने आखडते आहे. आधी 398 दिवसांपर्यंत चालणाऱ्या प्रमाणपत्रांची कमाल मुदत मार्च 2026 पासून 200 दिवस, मार्च 2027 पासून 100 दिवस आणि मार्च 2029 पासून 47 दिवस अशी ठरली आहे. आठवणीवर आणि डायरीवर चालणारा विभाग यात टिकणार नाही. नूतनीकरण आपोआप होईल अशी व्यवस्था त्याला आत्ताच उभारावी लागेल.

आधी करायचं काम घाईने करून चालत नाही, हेही तितक्याच ठामपणे सांगायला हवं. 19 जुलै 2024 ला जगभरातले सुमारे 85 लाख विंडोज संगणक निळा पडदा दाखवून बसले, विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. ते कुठल्या हल्ल्यामुळे झालं नव्हतं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने पाठवलेलं अपडेटच सदोष होतं आणि ते एकाच वेळी सगळीकडे गेलं. पॅच आधी चार यंत्रांवर, मग चाळीस, मग बाकीच्यांवर, ही सावधगिरी देखभालीचाच भाग आहे.

सांगलीकरांना बॅकअपचं महत्त्व वेगळं सांगायला नको. इर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांवर गेलं. 2021 च्या जुलैमध्ये पुन्हा शहरात शिरलं. अशा गावात सर्व्हर तळमजल्यावर, जनरेटर त्याच्याशेजारी आणि बॅकअपची हार्डडिस्क त्याच खोलीतल्या कपाटात असेल, तर तिन्ही एकाच दिवशी पाण्यात जातील. वरच्या मजल्यावर हलवून निम्मंच भागतं, कारण वीज आणि रस्ता दोन्ही बंद असताना तिथवर पोचणार कोण? एक प्रत जिल्ह्याबाहेर हवी. आणि ती परत उतरवून, चालवून पाहिलेली हवी. कधीच उतरवून न पाहिलेल्या बॅकअपवर विसंबणं हा जुगार आहे.

माझं म्हणणं एवढंच की संगणक विभागालाही ऑफ-सीझन द्या. वर्षातून चार महिने मिळणार नाहीत, पण आठवड्यातले काही तास मिळू शकतात, आणि ते वेळापत्रकात छापलेले हवेत. गूगलने आपल्या यंत्रणा सांभाळणाऱ्या अभियंत्यांसाठी नियमच केला आहे: रोजचे बिघाड निस्तरण्यात निम्म्याहून जास्त वेळ जाता कामा नये, उरलेला वेळ तेच बिघाड पुन्हा होऊ नयेत यासाठी. तीन माणसांच्या विभागाला निम्मा वेळ परवडणार नाही. शुक्रवारची दुपार परवडेल. त्या दुपारी तिकीट घ्यायचं नाही, काटा आणि पैशांचे व्यवहार सोडून बाकी फोन सोमवारी. आणि वार्षिक मूल्यमापनात, किती बिघाड दुरुस्त केले याच्या शेजारी, कोणते बिघाड यंदा झालेच नाहीत आणि का, हाही रकाना ठेवा.

हा प्रश्न आता गावपातळीवर येऊन ठेपला आहे. केंद्राने जून 2022 मध्ये 63 हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाची योजना मंजूर केली. गावची विकास सोसायटी, तिचा सचिव आणि एक संगणक यांच्यावर आता शेतकऱ्याच्या कर्जाचा हिशेब उभा राहणार आहे.

सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत होतात. आपण कुठल्या कारखान्याचे, बँकेचे, पतसंस्थेचे, सोसायटीचे सभासद असाल, तर यंदा लाभांशाचा नि दराचा प्रश्न विचारून झाल्यावर आणखी दोन प्रश्न विचारा. आपल्या संस्थेच्या संगणकांवर शेवटचे पॅच कधी बसले? आणि बॅकअप प्रत्यक्ष परत उतरवून शेवटचा कधी पाहिला? उत्तर तारखेसह मागा आणि ते इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा.