सापाचे घर पाहावे बांधून!

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपले वाडवडील सांगून गेले. पण घर सापाचे असेल तर काय काय पाहावे लागते, याचा खुलासा त्यांनी केला नाही. त्यांना तशी जरूरच पडली नसावी! सापाने वारुळात राहावे, माणसाने घरात राहावे आणि दोघांची गाठ शक्यतो पडू नये, एवढीच त्यांची इच्छा. फार तर श्रावणात नागपंचमीला पाटावर गंधाचा नाग काढायचा, त्याला दूध-लाह्यांचा नैवेद्य दाखवायचा, की झाला वर्षाचा संबंध!

अमेरिकेत आणि इंग्लंडात मात्र हा संबंध फार पुढे गेला आहे. कुत्र्यामांजरांप्रमाणे साप पाळणारी कुटुंबे तिकडे हजारांनी आहेत. दहा-बारा वर्षांचा मुलगा वाढदिवसाला साप मागतो, आणि आईबाप चक्क आणूनही देतात! ऐन दिवाळीत, चकली-चिवड्याच्या ताटाशी हा विषय कशाला, असे एखाद्या गृहिणीला वाटेल. पण वाचकहो, या पाळीव सापाच्या घराची हकिगत ऐकण्यासारखी आहे. कुत्रा भुंकून सांगतो, मांजर पायात घोटाळून सांगते. सापाला थंडी वाजली, चटका बसला, भीती वाटली, तरी तो हूं की चूं करीत नाही. त्याचे सारे सुख त्या एका पेटीत, आणि पेटी कशी असावी हे सर्वस्वी माणसाच्या हाती. म्हणून तिकडचे जाणते लोक नवख्याला बजावतात : आधी घर, मग साप.

हे वाचून एखादा उत्साही तरुण परसातली धामण पेटीत घालायला निघेल, तर त्याला येथेच थांबवतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आपल्याकडील रानचे साप पकडून घरी ठेवणे हा गुन्हा आहे. घरात साप निघालाच तर वनखात्याला किंवा जाणकार सर्पमित्राला कळवावे आणि आपण दूर राहावे. पुढची हकिगत आहे ती परदेशची, आणि तिकडे पाळीव सापांच्याच पोटी जन्मलेल्या सापांची.

पाहुण्याची ओळख

नवख्या माणसाला तिकडे बहुधा ‘कॉर्न स्नेक’ सुचवतात. कॉर्न म्हणजे मका. हा अमेरिकेच्या आग्नेय भागातला रहिवासी. पाठीवर काळ्या किनारीचे तांबडे-नारिंगी डाग, आणि पोटावर रंगीत मक्याच्या कणसासारखा चौकडा. बिनविषारी, उंदरांवर जगणारा, स्वभावाने शांत. आपल्या तस्कर सापाचा लांबचा भाऊबंद म्हणा ना! अंड्यातून निघालेले पिल्लू वीत-सव्वा वीत असते. मोठेपणी तोच साप तीन ते पाच फुटांचा होतो आणि नीट सांभाळला तर १५ ते २० वर्षे जगतो. म्हणजे दहाव्या वर्षी हट्टाने साप आणणारा मुलगा तिशीला येईपर्यंत त्याची जबाबदारी सुटत नाही!

नेमकी येथेच पहिली फसगत होते. पिल्लू पाहून लोक घर ठरवतात. फ्लोरिडात याचे मोठे विपरीत फळ दिसले. आशियातून नेलेले ब्रह्मी अजगर लोकांनी हौसेने पाळले. बघता बघता त्यांची लांबी पुरुषभर, दोन पुरुष झाली. मग काही सुटले, काही मालकांनीच एव्हरग्लेड्सच्या दलदलीत सोडून दिले. तेथे त्यांची वंशवेल अशी फोफावली की रॅकून, ससे यांसारखे प्राणी त्या भागात दुर्मिळ झाले. २०१२ साली अमेरिकन सरकारने या अजगराची आयातच बंद केली. घर आधी न बांधल्याची किंमत कधीकधी सगळ्या रानाला मोजावी लागते, ती अशी.

घर केवढे असावे?

साप वेटोळे करून बसतो, त्याला जागा ती कितीशी लागणार, अशी पुष्कळ दिवस समजूत होती. पण वेटोळे ही त्याची एक बैठक झाली. माणूस मांडी घालून बसतो म्हणून कुणी त्याला पाटाएवढी खोली देत नाही! इंग्लंडमधील लिंकन विद्यापीठाच्या संशोधकांनी कॉर्न स्नेकचीच परीक्षा घेतली आणि आपले निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध केले. मोठ्या पेटीत साप जास्त हिंडतात-फिरतात, अंग पुरते लांब करतात, असे त्यांना आढळले. म्हणून पूर्ण वाढलेल्या सापासाठी चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच पेटी असावी, असे आता सांगतात. समोर काच, बाजूंना हवेसाठी जाळी आणि आत चढायला एखादी भक्कम फांदी. अगदी पिल्लू असेल तर सुरुवातीला लहान पेटी चालते. मोठ्या उघड्या जागेत ते बावरते.

झाकण किंवा दार मात्र पक्के हवे. सापाचे डोके जेथे शिरले तेथे बहुधा अंगही शिरते. वरून नुसते झाकण ठेवणारा मालक सकाळी उठून कपाटामागे, गादीखाली शोधत बसतो. खिटी किंवा कुलूप हवेच.

उन्हाची बाजू, सावलीची बाजू

आता या घराचे खरे मर्म. साप ‘थंड रक्ताचा’ असे आपण शाळेत शिकलो. त्याचा अर्थ एवढाच की आपल्याप्रमाणे अंगातल्या अंगात ऊब तयार करणे त्याला जमत नाही. रानात तो उन्हात येतो, अंग तापले की दगडाखाली जातो. तापणे आणि निवणे, यावरच त्याचे पचन, त्याची ताकद, त्याचा आजारातून उठण्याचा जोर अवलंबून असतो. उंदीर गिळल्यावर ऊब मिळाली नाही, तर तो न पचता उलटून पडतो.

म्हणून पेटी सबंध गरम करून भागत नाही. एका टोकाला २८ ते ३० अंश सेल्सियस ऊब ठेवायची, दुसरे टोक २२ ते २४ अंशांवर. मधल्या चार फुटांत कुठे बसायचे ते सापाने ठरवायचे. उष्णतेसाठी दिवा किंवा विजेची गादी वापरतात. पण तिला थर्मोस्टॅट, म्हणजे ठरलेल्या अंशावर उष्णता आवरून धरणारे यंत्र, जोडलेच पाहिजे. तापल्या जागेवरून साप वेळेवर बाजूला होईलच असे नाही. पोट भाजेपर्यंत तो तेथेच पडून राहिल्याची उदाहरणे आहेत. दोन्ही टोकांना एकेक तापमापक हवा. नुसता हात लावून अंदाज करणे कामाचे नाही. आणि रात्री दिवे बंद! सापाला पापण्या नसतात. उजेड नको म्हणून डोळे मिटण्याची सोय देवाने त्याला दिलेली नाही.

लपायच्या जागा दोन, एक नव्हे. एकच असेल आणि ती थंड बाजूला असेल, तर साप मोठ्या पेचात सापडतो. ऊब घ्यावी तर उघड्यावर यावे लागते, लपावे तर गारठून राहावे लागते. भित्रा साप लपणेच पसंत करतो आणि हळूहळू आजारी पडतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, किती शांत आहे बिचारा!

जमीन, पाणी आणि कात

खाली ॲस्पेन नावाच्या झाडाचा भुसा पसरतात; सापाला त्यात बिळे करता येतात. देवदारासारख्या वासाच्या लाकडाचा भुसा मात्र त्याला बाधतो. पाण्याचे भांडे जड आणि साप आत बसेल एवढे असावे. कात टाकायची वेळ आली की डोळे निळसर, धुरकट होतात. तेव्हा ओलसर शेवाळ भरलेला एक डबा आत ठेवला की कात अखंड उतरते. हवा फार कोरडी असेल तर ती तुकड्यातुकड्यांनी निघते, आणि डोळ्यावरचा पापुद्रा राहून गेला तर दुखणे होते. एका पेटीत एकच साप ठेवावा. ‘सोबत’ ही आपली कल्पना आहे, त्याची नव्हे.

एवढी तयारी झाली की पेटी आठवडाभर रिकामीच चालवून पाहावी. तापमान स्थिर राहिले, की मग पाहुणा आणावा. पहिले पाच-सात दिवस त्याला हात लावू नये. पुढे जेवू घातल्यावरही दोन दिवस उचलू नये. साप हाताळल्यावर साबणाने हात धुवावे. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात. पाच वर्षांखालील मुले असलेल्या घरात असले प्राणी पाळू नयेत, असे अमेरिकेतील आरोग्य अधिकारी सांगतात.

आता आपली गारुड्याची टोपली आठवा. तिच्यात ना ऊन, ना सावली, ना अंग पसरायला जागा. वर पुंगी वाजली की लोक टाळ्या वाजवीत आणि नागाला दूध पाजून पुण्य जोडीत. दूध हे सापाचे अन्नच नव्हे. तहानेने कासावीस झालेला जीव समोर येईल ते पितो, एवढेच!

आपल्याला साप पाळायचा नाही, हे खरे. पण पुण्याच्या कात्रज उद्यानात किंवा दुसऱ्या एखाद्या सर्पालयात मुलांना घेऊन जाल, तेव्हा काचेवर टकटक करणाऱ्या मुलाचा हात हळूच धरा. त्याला विचारा, या पेटीत ऊन कुठे आहे, सावली कुठे आहे, आणि हिला लपायला जागा किती? मुलाला उत्तर सापडेपर्यंत साप हलला नाही तरी चालेल. तेवढ्या वेळात मुलाने एका मुक्या जिवाच्या घराचा विचार केलेला असेल.