टोलनाक्यावरचा प्रोफेसर

काकांच्या गाडीच्या डॅशबोर्डवर एक स्टीलची वाटी असायची. माधवनगरहून कोल्हापूरला निघालो की तिच्यात सुट्टे पैसे पडायचे. टोलसाठी! मी तेव्हा शाळेत होते. नाका आला की काका करवादायचे, "काढ की लवकर, मागं गाड्या लागल्यात." आणि वर हेही, "त्या एन. डीं.चं कुणी ऐकंना."

हे एन. डी. कोण, ते तेव्हा विचारलं नाही. टीव्हीवर दिसायचे ते. पांढरेशुभ्र केस, हातात काठी, आवाज मात्र खणखणीत. ऐंशी ओलांडलेला माणूस उन्हात टोलविरोधी मोर्चात कशाला चालतोय, असं वाटायचं. आज दर महिन्याला फास्टॅगचा मेसेज बघताना तोच प्रश्न उलटा पडतो. आपण का नाही चाललो?

अर्थशास्त्र शिकलेला डावा राजकारणी म्हटलं की हल्ली आपल्याला परदेशी नावं पटकन आठवतात. ग्रीसचे वारुफाकिस, नाहीतर स्पेनचे अल्बेर्तो गार्झोन. हे गार्झोन २०२० ते २०२३ या काळात तिथले ग्राहक व्यवहार मंत्री होते. २०२१ मध्ये त्यांनी "मांस जरा कमी खा" असं सांगितलं आणि देशभर गहजब झाला. खुद्द त्यांच्या पंतप्रधानांनीच मग स्टेकची तारीफ करून टाकली! (मटणाच्या रश्श्याबद्दल कोल्हापुरात असं कुणी बोलून बघावं.) पण असा माणूस शोधायला एवढ्या लांब जायची गरजच नव्हती. वाळवा तालुक्यातलं ढवळी हे गाव माधवनगरपासून बाइकवर तासाभराच्या आत येतं.

नारायण ज्ञानदेव पाटील. जन्म १५ जुलै १९२९, शेतकऱ्याचं घर. नाना पाटलांच्या प्रतिसरकारचा हा मुलूख, त्यामुळे राजकारण शिकायला वेगळ्या क्लासची गरज नव्हती. १९४८ मध्ये ते शेतकरी कामगार पक्षात आले आणि मरेपर्यंत तिथेच राहिले. तीन वर्षांत तीन कंपन्या बदलणाऱ्या आपल्या पिढीला हे जरा पचायला जड जातं. १९५५ मध्ये त्यांनी पुणे विद्यापीठातून अर्थशास्त्रात एम.ए. केलं, पुढे एलएल.बी. साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजात शिकवलं, तिथेच 'कमवा व शिका' योजनेचे रेक्टर झाले. १९६० मध्ये इस्लामपूरच्या कॉलेजचे प्राचार्य. म्हणजे करिअर अगदी सेट होतं. त्याच साली ते विधान परिषदेवर गेले. वर्गातला फळा सुटला, पण शिकवणं सुटलं नाही. नावामागचं 'प्रा.' कायम राहिलं आणि भाषण म्हणजे तासच असायचा. कोल्हापूरची एक मैत्रीण सांगते, "आजोबांबरोबर त्यांच्या सभेला गेले होते. मधेच उठायची हिंमतच झाली नाही, हजेरी घेतील असं वाटत होतं."

१८ वर्षं विधान परिषद, १९८५ ते ९० कोल्हापूरची आमदारकी. पण सत्ता? सत्तेची खुर्ची मिळाली ती जेमतेम दीड वर्षं. जुलै १९७८ मध्ये शरद पवारांचं पुलोद सरकार आलं, त्यात एन. डी. सहकारमंत्री. कापूस एकाधिकार योजनेशी त्यांचं नाव जोडलं जातं ते या काळामुळे. गणित साधं होतं. सगळा कापूस सरकारने विकत घ्यायचा, शेतकऱ्याला हमीभाव आधीच द्यायचा आणि बाजारात जास्त मिळालं तर त्यातला वाटाही त्यालाच. पुढे ही योजना तोट्यात रुतली, हेही खरं. राज्याच्या तिजोरीवर अमर्याद भार टाकणारा हिशेब मला पटत नाही. पण व्यापाऱ्याने सांगेल तो भाव घेऊन गुपचूप घरी जायचं, यापेक्षा वेगळं काही असू शकतं, हे तरी कुणीतरी करून बघितलं. फेब्रुवारी १९८० मध्ये केंद्राने सरकारच बरखास्त केलं.

आता खरी गंमत. एन. डीं.च्या पत्नी सरोजताई म्हणजे शरद पवारांच्या सख्ख्या भगिनी. आपल्यापैकी कुणाचा मेहुणा मुख्यमंत्री असता तर... जाऊ दे! एन्रॉनचा करार १९९३ मध्ये झाला तेव्हा मुख्यमंत्री पवार, आणि एन. डी. एन्रॉनच्या विरोधात. रायगडच्या सेझच्या वेळी पवार केंद्रात मंत्री, आणि एन. डी. पेणच्या शेतकऱ्यांबरोबर. सप्टेंबर २००८ मध्ये तिथल्या २२ गावांत जमिनीबद्दल सार्वमत घेण्यात आलं. तो सेझ झालाच नाही. याच काळात दोघं रयत शिक्षण संस्थेत मात्र एकत्र. पवार अध्यक्ष, एन. डी. १९९० पासून चेअरमन. त्या घरात दिवाळीच्या फराळाला काय गप्पा होत असतील, याची मला जाम उत्सुकता आहे.

आणि टोल. कोल्हापूर शहरातलेच रस्ते खासगी कंपनीने बांधायचे आणि त्यासाठी येणाऱ्या गाड्यांकडून ३० वर्षं वसुली करायची, असा तो करार. एन. डी. आणि कॉम्रेड गोविंद पानसरे यांनी रस्त्याचं काम किती, खर्च किती, वसुली किती, हे लोकांना समजावलं. मला यातला सगळ्यात मोठा भाग हाच वाटतो. चिडलेले लोक कुठेही मिळतात, आकडे समजून चिडलेले लोक तयार करावे लागतात. १६ फेब्रुवारी २०१५ ला सकाळी फिरून परतताना पानसरेंवर गोळ्या झाडल्या गेल्या. चार दिवसांनी ते गेले. तेव्हा एन. डी. पंच्याऐंशीचे होते. अनेक लढ्यांतला जोडीदार असा गेल्यावर कुणीही घरी बसलं असतं. ते बसले नाहीत. डिसेंबर २०१५ मध्ये सरकारने टोल रद्द करत असल्याचं जाहीर केलं.

एन. डी. १७ जानेवारी २०२२ रोजी कोल्हापुरात गेले, ९२ व्या वर्षी. त्यांचा पक्ष तोवर पार आक्रसला होता. मतं मागायला ते आले असते तर मी दिलं असतं का? प्रामाणिकपणे सांगते, बहुतेक नाही. आपल्याला वीज, रस्ता, कॉलेज सगळं वेळेत हवं असतं, त्याचा करार वाचायचा मात्र कंटाळा येतो.

गेल्या महिन्यात काकांबरोबर पुन्हा कोल्हापूरला गेले. गाडी नवी, वाटी तीच. आता तिच्यात बडीशेप असते. जुन्या नाक्याची जागा आली तशी मी विचारलं, "काका, तुम्ही कधी गेला होता का हो मोर्चाला?"

"एकदा," काका म्हणाले. "मागंच उभा होतो." आणि वाटी माझ्यापुढे केली.