सगळे घरी जातात तेव्हा

“तू इंग्लंडच्या बोर्डिंग स्कूलमध्ये होतीस? म्हणजे हॅरी पॉटरसारखं?” फर्स्ट इयरला आल्यापासून हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय, की म्हटलं आता उत्तर छापूनच टाकावं! त्याला जोडून दुसरा प्रश्न ठरलेला, “मग परत कशाला आलीस?” त्याचं उत्तर सोपं आहे. शिष्यवृत्ती दोनच वर्षांची होती, आणि तिथल्या विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्यांना स्थानिकांपेक्षा कितीतरी जास्त फी पडते. बाबांनी कॅल्क्युलेटर काढला, आकडे टाकले, थोडा वेळ बघत बसले आणि तो परत खणात ठेवून दिला. विषय संपला.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मात्र जरा लांबलचक आहे.

दहावीनंतर, सप्टेंबर २०२२ मध्ये मी सांगलीहून निघाले. बॅगेत मेतकूट, गोडा मसाला, शेंगदाण्याची चटणी. तूप आणि पेढे घरीच राहिले, कारण भारतातून तिकडे दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. आईला हा नियम अजूनही पटलेला नाही.

आधी एक गैरसमज दूर करते. इंग्लंडात ‘पब्लिक स्कूल’ म्हणजे सरकारी शाळा नव्हे, तर जुनी, भरभक्कम फी घेणारी खासगी शाळा. विंचेस्टर १३८२ सालची, ईटन १४४० सालची. आपले पंडित नेहरू १९०५ मध्ये गेले ते हॅरो अशीच एक. नावाजलेल्या शाळांची निवासी फी मी होते तेव्हाच वर्षाला चाळीस हजार पौंडांच्या पुढे होती, आणि १ जानेवारी २०२५ पासून त्यावर २० टक्के व्हॅटही लागू झाला. माझी शाळा एवढी मोठी किंवा प्रसिद्ध नव्हती, पण चालायची त्याच पद्धतीने.

हाऊस नावाचं यंत्र

या पद्धतीचा कणा म्हणजे ‘हाऊस’. आपलं हॉस्टेल म्हणजे झोपायची जागा. तिथलं हाऊस म्हणजे पन्नास-साठ मुलींचं एक मोठं कुटुंबच समजा. वर हाऊसमिस्ट्रेस, ती त्याच इमारतीत आपल्या नवऱ्या-मुलांसह राहते. मग मेट्रन, म्हणजे ताप आला तर गोळी देणारी, बटण तुटलं तर सुई देणारी आणि खोली आवरली नाही तर ओरडणारी मावशी. शिवाय प्रत्येकीला एक ट्यूटर.

दिवस असा : सातला उठणं, साडेसातला नाश्ता, मग असेंब्ली, तास, जेवण, दुपारी सक्तीचे खेळ, परत तास, सहाला जेवण (त्याला तिथे ‘टी’ म्हणतात! मी पहिल्या दिवशी चहा समजून गेले आणि समोर बटाटे आले), सात ते नऊ ‘प्रेप’ म्हणजे आपापल्या खोलीत अभ्यास, मग हजेरी. शनिवारी सकाळीसुद्धा तास.

पहिले दोन आठवडे वाटलं, ही शाळा आहे की तुरुंग? नंतर लक्षात आलं, की हे वेळापत्रक मुद्दामच असं ठासून भरलेलं आहे. घरची आठवण यायला रिकामा वेळ लागतो, आणि तो तिथे मिळतच नाही. ओल्या मैदानात हॉकीची काठी घेऊन धापा टाकताना कुणाला घर आठवतं हो? संध्याकाळी अंथरुणाला पाठ टेकली की झोप.

भाषा येत होती, तरी...

इंग्रजी येत होतं. दहावीला चांगले मार्क होते. तरी पहिल्याच आठवड्यात मेट्रनने मला बाजूला घेऊन विचारलं, की तुला माझा राग आलाय का? मी चकित! झालं होतं असं, की जेवताना मी तिला सरळ “मला मीठ द्या” या अर्थाचं वाक्य इंग्रजीत म्हणत होते. मराठीत ‘दे’चं ‘द्या’ केलं की आदर आपोआप येतो. इंग्रजीत क्रियापदाला ती सोय नाही. तिथे ‘प्लीज’ लावावं लागतं, नाहीतर तो हुकूम होतो. हे मला कुठल्याच व्याकरणाच्या पुस्तकाने शिकवलं नव्हतं.

उलट बाजूही होती. येताजाता प्रत्येक जण “ऑल राइट?” विचारायचा आणि मी थांबून आपली तब्येत सविस्तर सांगायचे. तो नुसता नमस्कार असतो हे कळायला महिना गेला.

अभ्यासाबद्दल थोडक्यात : ए लेव्हलला बहुतेक मुलं तीनच विषय घेतात आणि दोन वर्षं त्यांत खोल जातात. माझे गणित, भौतिक आणि रसायन. एकदा प्रयोगात माझा आलेख सरळ येईना, म्हणून मी एक रीडिंग हळूच ‘सुधारलं’. सरांनी वही बघितली आणि शांतपणे विचारलं, “हे एकच इतकं बरोबर कसं आलं?” मग त्यांनी प्रत्येक मापनात चूक किती असू शकते ते काढायला लावलं. खरं, वाकडंतिकडं रीडिंग लिहायला हरकत नसते, हे मी तिथे शिकले. (सबमिशनच्या आदल्या रात्री सीनियरचं जर्नल समोर ठेवून लिहिणाऱ्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा. मीही त्यातलीच आहे आता.)

यंत्र थांबतं तेव्हा

इथवर वाचून वाटेल, की मजाच होती. होतीच. पण या यंत्राला सुट्ट्या असतात. दर सत्राच्या मध्ये ‘हाफ टर्म’, शिवाय अधूनमधून ‘एक्झीट’ नावाचा शनिवार-रविवार. हा मूळ लॅटिन शब्द, अर्थ ‘त्याने बाहेर जावं’. हाऊस बंद होतं, कुलूप लागतं. सगळ्यांनी घरी जायचं.

आणि ज्याचं घर साडेसात हजार किलोमीटरवर आहे त्याने?

त्याच्यासाठी ‘गार्डियन’ लागतो. परदेशी मुलांसाठी बहुतेक शाळांची तशी अटच असते. नातेवाईक असतील तर उत्तम, नसतील तर एजन्सी एखादं यजमान कुटुंब शोधून देते. ही अडचण आजची नाही आणि इंग्लंडातलीच नाही. आपल्या पाचगणीत सेंट पीटर्स शाळेत १९५० च्या दशकात झांझिबारहून एक पारशी मुलगा आला होता, फारुख बलसारा. शाळेत त्याला सगळे फ्रेडी म्हणायचे. आफ्रिकेतलं घर लांब, म्हणून सुट्टीत तो मुंबईच्या नातेवाइकांकडे जायचा. पुढे जगाने त्याला फ्रेडी मर्क्युरी म्हणून ओळखलं. गाणी सगळ्यांना माहीत आहेत. मला मात्र हल्ली त्याच्या मुंबईतल्या नातेवाइकांचं जास्त कौतुक वाटतं.

माझं पहिलं हाफ टर्म ऑक्टोबर २०२२ मध्ये आलं. बाहेर गाड्यांची रांग, आया मुलींना मिठ्या मारतायत, कुत्री खिडकीतून भुंकतायत. तासाभरात हाऊस रिकामं. मी बॅग घेऊन पायरीवर बसले. दीड महिना जी आठवण यायला जागा नव्हती, ती सगळी एकदम आली.

एजन्सीने एका निवृत्त बाईंकडे सोय केली होती. घर नीटनेटकं, बाई अबोल. २४ ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन होतं. मी त्यांना काही बोलले नव्हते. उगाच कशाला? पण नेमकं त्याच दिवशी ऋषी सुनक यांची पक्षाच्या नेतेपदी निवड झाली, आणि टीव्हीवर दिवाळी, दिवाळी सुरू झालं. बाईंनी माझ्याकडे वळून विचारलं, “म्हणजे आज तुझा सण आहे?” मी मान हलवली. त्या उठल्या, कपाटातून छोट्या मेणबत्त्यांचं पाकीट काढलं आणि म्हणाल्या, “कुठे ठेवायच्या असतात ते मला सांग.”

आम्ही दोघींनी त्या खिडकीत ओळीने लावल्या. तिथे अंधार पडला तेव्हा सांगलीत रात्रीचे साडेदहा वाजत आले होते. पूजा, फराळ सगळं आटोपलेलं. आईला फोनवर खिडकी दाखवली. ती फक्त एवढंच म्हणाली, “त्या बाईंना माझा नमस्कार सांग.”

आणि आपलं हॉस्टेल?

आता जे सांगायचंय ते सांगताना लाज वाटते. सेकंड इयरच्या दिवाळीत आपल्या हॉस्टेलची मेस दहा दिवस बंद होती. आमच्या विंगमध्ये टांझानियाची एक मुलगी आहे. निघायच्या गडबडीत मी तिला “हॅपी दिवाली” म्हणून एसटी पकडली. परत आल्यावर कळलं, की ती दहा दिवस किटलीत मॅगी करून राहिली. तिचं कुणी वाईट केलं नव्हतं. फक्त कुणी विचारलं नव्हतं. आणि न विचारणाऱ्यांत मी होते. हे सगळं स्वतः भोगलेली!

पुढच्या दिवाळीला मी तिला सांगलीला घेऊन गेले. आईने तिला चकल्या पाडायला बसवलं. तिच्या चकल्या माझ्यापेक्षा गोल आल्या, हे आई अजून सगळ्यांना सांगते.

परदेशी विद्यार्थ्याचे कामाचे दिवस कसेही निघतात, कारण ते सगळ्यांचेच सारखे असतात. तो परदेशी आहे हे त्याला सुट्टीच्या दिवशी कळतं. तेव्हा एक सुचवते. दिवाळीच्या पंधरा दिवस आधी हॉस्टेलच्या नोटीस बोर्डावर एक कागद लावू. डावीकडे, सुट्टीत इथेच राहणाऱ्यांची नावं. उजवीकडे, घरी एक पान जास्त वाढू शकणाऱ्यांची. नेपाळचा, मणिपूरचा, टांझानियाचा, कुणीही असो.

उजवीकडचं पहिलं नाव मी लिहिते.