गाण्यांच्या मधलं ऐकू या

 

उन्हाळ्यात आमच्या गटाचं उडदाच्या पापडाचं काम चालू होतं. हातात लाटणं असलं की कानाला काहीतरी लागतंच. एकीच्या मोबाइलवर ‘शोले’ची गाणी लागली होती. ती संपली तशी आमच्यातल्या एक मावशी म्हणाल्या, “काय वं, राधाचं वाजणं कुठं गेलं? ती सांजच्याला दिवे इझवते अन् तो जय तोंडाचा बाजा वाजवते, ते?”

“मावशी, ते गाणं थोडंच आहे?”

“गाणं नाही त काय झालं? मले त तेच ध्यानात राह्यलं.”

मावशींचा प्रश्न मनात राहिला. आजचं बोलणं त्याच्यावरच.

‘शोले’ 1975 चा. संगीत राहुल देव बर्मन यांचं, आणि तो बाजा, म्हणजे माउथ ऑर्गन, वाजवला भानू गुप्ता यांनी. बसंतीला गाणी आहेत, वीरूला आहेत. विधवा राधाला एकही नाही. ती बोलतेही थोडंच. तिच्या मनातलं आपल्याला कळतं ते त्या बाज्यातून. म्हणजे नुसती गाणी ऐकली तर राधा त्यात कुठेच सापडत नाही.

चित्रपटात गाण्यांशिवाय, दृश्यांच्या मागे जे वाजत राहतं त्याला पार्श्वसंगीत म्हणतात. मग ते कॅसेटमध्ये का नसायचं? पहिलं कारण जागेचं. जुनी 78 फेऱ्यांची तबकडी एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं वाजायची. नंतरची मोठी तबकडी, जिला एलपी म्हणतात, एका बाजूला वीस-पंचवीस मिनिटं. नेहमीची कॅसेट दोन्ही बाजू मिळून तासाभराची. चित्रपट मात्र अडीच-तीन तासांचा! डबा लहान असला की सगळा स्वयंपाक त्यात मावत नाही. काय भरायचं ते ठरवावं लागतं.

दुसरं कारण वेळेचं. आपल्याकडे गाणी आधी तयार होतात आणि चित्रपट लागण्याआधीच बाजारात येतात, म्हणजे लोकांच्या तोंडी बसतात. पार्श्वसंगीत अगदी शेवटी होतं. चित्रपट कापून-जोडून तयार झाला की संगीतकार तो बघतो, कुठे किती सेकंद वाजवायचं ते मोजतो आणि मग ध्वनिमुद्रण करतो. तोवर गाण्यांची तबकडी दुकानात पोचलेली असते.

कधी उलटही होतं. ‘शोले’साठी एक कव्वाली ध्वनिमुद्रित झाली होती. ती चित्रपटात आली नाही, रेकॉर्डवर मात्र आहे. पुढे ‘शोले’च्या संवादांचीही रेकॉर्ड निघाली आणि लाउडस्पीकरवरून गावोगाव वाजली. लोकांना गाण्यांपलीकडचंही ऐकायचं असतं, हे तेव्हाच दिसलं होतं.

परदेशात नुसत्या पार्श्वसंगीताच्याही तबकड्या निघतात. जुनं संगीत पुन्हा काढताना आधी गाळलेले तुकडेही त्यात घालतात. त्याला आपण वाढीव आवृत्ती म्हणू. ‘स्टार वॉर्स’ या अमेरिकी चित्रपटाचं जॉन विल्यम्स यांचं संगीत 1977 साली दोन एलपींवर आलं. 1997 साली तेच दोन सीडींवर पुन्हा काढलं, तेव्हा पहिल्या वेळी न मावलेलं बरंच संगीत त्यात आलं. एका सीडीत 74 ते 80 मिनिटं मावतात, म्हणून ते जमलं.

पण नुसती जागा वाढून भागत नाही. मूळ टेप जपलेली लागते. तयार चित्रपटात संगीत, संवाद, पावलांचे आवाज, सगळं एकत्र कालवलेलं असतं. भाजीत पडलेलं मीठ वेगळं काढता येतं का? तसंच हे. संगीताची वेगळी टेप कुणी सांभाळली असेल तरच ते स्वच्छ ऐकू येतं. आपला पहिला बोलपट ‘आलम आरा’, 1931 चा. त्याची एकही प्रत आज हाती नाही. जुने चित्रपट जपण्यासाठी पुण्यात 1964 साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघालं. तोवर बरंच काही गेलं होतं.

आता वाढीव आवृत्ती ऐकायची कशी? पहिल्यांदा चित्र न बघता ऐका. भाकरी थापताना, शेंगा फोडताना चालेल. एखादी धून पुन्हा पुन्हा येते का, तिकडे कान द्या. बहुतेक वेळा ती एखाद्या माणसाची असते. ते माणूस आनंदात असेल तेव्हा ती कशी वाजते आणि दुःखात कशी, ते ताडून बघा. मग तोच प्रसंग चित्रासकट बघा.

एक सांगते, जास्त म्हणजे चांगलंच असं नाही. काही तुकडे अर्ध्या मिनिटाचे असतात. चित्राशिवाय त्यांना चव लागत नाही. आधीची छोटी तबकडीही कुणीतरी विचार करून रचलेली असते. तीही ऐकावी. आणि पैसे देण्याआधी वेष्टनावरची यादी आणि एकूण मिनिटं वाचा. कधी कधी जुन्याच गाण्यांना नवा ठेका लावून ‘विशेष आवृत्ती’ म्हणून विकतात. त्यात गाळलेलं काहीच परत आलेलं नसतं.

आपल्या मराठीतली दोन उदाहरणं अशी आहेत की ती घरातल्या घरात ऐकता येतील. ‘सैराट’ 2016 चा, संगीत अजय-अतुल यांचं. त्याच्या संगीतासाठी अमेरिकेतल्या हॉलिवूडच्या स्टुडिओत मोठा वाद्यवृंद बसवला होता. बाजारात आली ती गाणी चार, चित्रपट मात्र जवळजवळ तीन तासांचा. आणि शेवट आठवतो ना? ते लहान लेकरू दारातून बाहेर चालत येतं तेव्हा काहीच वाजत नाही. ही शांतता कुठल्याच कॅसेटवर येणार नाही.

दुसरा प्रभातचा ‘कुंकू’, 1937 चा, व्ही. शांताराम यांचा. फसवून म्हाताऱ्याशी लग्न लावून दिलेली नीरा त्याला नवरा मानायला नकार देते. शांता आपटे यांनी ती भूमिका केली. संगीत केशवराव भोळे यांचं, पण या चित्रपटात पार्श्वसंगीत ठेवलेलंच नाही. घरात, रस्त्यात जे वाजतं तेच ऐकू येतं. तिची घुसमट सांगायला वेगळी वाद्यं लागली नाहीत.

आता आपल्या घरचं. आमच्या गटातल्या एकीनं सासूबाईंच्या जात्यावरच्या ओव्या मोबाइलवर भरून ठेवल्या होत्या. सासूबाई आता नाहीत. लेकानं त्यातला खोकला, मधलं बोलणं, “चहा ठेव वं जरा” असं सगळं कापून नुसत्या ओव्या ठेवल्या आणि मूळ पुसून टाकलं. ती रडली. म्हणाली, “ओव्या त मले पाठ हायेत. मले त्या बोलत होत्या ते पाहिजे होतं.”

म्हणून मैत्रिणींनो, आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा आवाज भराल तेव्हा पूर्ण भरा. ऐकायला छोटं हवं असेल तर वेगळी प्रत करून ती कापा. मूळ तसंच राहू द्या. एक प्रत दुसऱ्या मोबाइलवर किंवा पेन ड्राइव्हवर ठेवा. वर नाव, गाव आणि तारीख लिहा. आज जे फालतू वाटतं, तेच उद्या कुणीतरी शोधत बसेल.

आणि पुढच्या बैठकीत ‘शोले’ लावाल तेव्हा गाणी झाल्यावर मोबाइल बंद करू नका. राधा दिवे मालवते तो प्रसंग काढा, डोळे मिटा आणि ऐका. आमच्या मावशींना तो काढून दिला तेव्हा त्या लाटणं बाजूला ठेवून बसल्या. संपल्यावर म्हणाल्या, “हेच वं, हेच.”

भेटू पुन्हा. नमस्कार!